नाशिकच्या काकूंचा फोन

प्रिय आई,

आज मी एक खोटेपणा केलाय आणि तोही तुझ्या नावाने, म्हणून लिहायला बसले. तुला सांगितल्याशिवाय मला कधी काही पचलंय का?

झालं असं, की बँकेचा ओटीपी तुझ्या नंबरवर येणार होता. तू गेल्यापासून बंद पडलेला तुझा फोन मी दुपारी चार्ज करून सुरू केला. ओटीपी यायच्या आधी फोनच वाजला. स्क्रीनवर नाव काय, तर ‘नाशिक उंच’! अगं, माणसांची नावं अशी सेव्ह करतात का? ‘ठाणे शाकाहारी’, ‘हुबळी मंगळ’, ‘पुणे टक्कल’. माझ्यासाठी पाहिलेली सगळी स्थळं तू बारशाविनाच ठेवून दिली होतीस.

मी नुसतं ‘हॅलो’ म्हटलं. पलीकडून एक बाई सुरूच झाल्या, "अहो मीनाताई, आहात कुठे? किती गुरुवार गेले! फोन लागत नाही, काही नाही. माझं काही चुकलं का?"

मला कळायला जरा वेळ लागला. नाशिकच्या त्या उंच मुलाची आई! कंपनीच्या कामाला तो इथे आला होता, म्हणून तू मला इथल्याच इंदिरानगरला त्याच्याबरोबर कॉफी प्यायला पाठवलंस. अर्धा तास तो त्याच्या मॅरेथॉनबद्दल बोलला, अर्धा तास मी माझ्या मॅनेजरबद्दल. त्याचा नकार, माझाही नकार, विषय संपला. पुढे त्याचं लग्नसुद्धा झालं. आणि तुम्ही दोघी तेव्हापासून दर गुरुवारी फोनवर बोलत होतात? म्हणजे स्थळ तुमचंच जमलं म्हणायचं की!

"घसा बसलाय का हो?" त्यांनी विचारलं. आपला आवाज किती सारखा, बाबा होते तेव्हा तेसुद्धा फसायचे. मी तिथेच खरं सांगायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "हो ना, स्वल्प सर्दी आहे." अगदी तुझ्यासारखं, मध्येच कानडी ‘स्वल्प’ घालून!

का बोलले मी असं? माझं काही चुकलं का, असं कुणी कुणाला इतक्या काकुळतीने विचारलेलं मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं, आई. बेळ्ळंदूरच्या या फ्लॅटमध्ये मी दिवसभर लॅपटॉपशी बोलते. या कानडी शहरात मराठी बोलायचे ती तुझ्याशी, आता तीही बंद. आणि ॲपवर भेटलेला तो मुलगा, ज्याच्याबद्दल तू खोदून खोदून विचारायचीस आणि मी ‘बघू, सांगते’ म्हणत राहिले? तू गेल्याचं कळल्यावर त्याने ‘टेक केअर’ लिहिलं, पुढे एक लाल बदाम टाकला आणि गायब झाला. भांडण नाही, निरोप नाही. तुमच्याकडे नकार द्यायची काहीतरी रीत होती गं. पत्रिका जुळत नाही, असं खोटं का होईना, सांगायचात तरी.

मी अजून रडलेले नाही, माहितीये? तेराव्याला बाबांच्या फॅक्टरीतले लोक आले, जेवले, काही लागलं तर सांग म्हणाले. बसवनगुडीच्या तुझ्या घराखालच्या अक्कांनी डोक्यावरून हात फिरवला, तरी डोळे कोरडे. सगळे माझ्याबद्दलच बोलत होते. हिचं आता कसं होणार, ही एकटी राहणार का. तुझ्याबद्दल कुणी काही बोलेचना. मग रडणार तरी कुणाजवळ?

काकूंचं मात्र सुरूच होतं. "बरं, लेक काय म्हणते? रविवारी येते आणि जेवून नुसती झोपते ना अजून?"

खरंच होतं ते. एवढ्या ट्रॅफिकमधून तुझ्याकडे यायचे, आमटी-भात खायचे आणि दिवाणावर संध्याकाळपर्यंत आडवी! तू कंटाळत असशील असं वाटायचं, पण डोळेच उघडायचे नाहीत.

"झोपू दे हो तिला," काकूच पुढे म्हणाल्या. "तुम्हीच म्हणता ना, ती नुसती झोपलेली असली तरी घरात माणूस आहे असं वाटतं. मिक्सरसुद्धा लावत नाही म्हणे तुम्ही."

मिक्सरसुद्धा? म्हणून रविवारी ताटात चटणी नसायची होय! आणि मी त्यावरून कुरकुर करायचे.

आई, मला तुझा राग आलाय. इतकी एकटी होतीस, तर ते मला का नाही सांगितलंस? जे नाशिकला कळत होतं, ते बेळ्ळंदूरला कळू नये? येता-जाता ‘माझ्यानंतर तुला कोण?’ विचारायचीस. तुला तरी कोण होतं गं? उठवायचंस मला! ऊठ, बोल माझ्याशी, एवढंच म्हणायचंस. मी उठले असते. कुरकुरत का होईना, उठले असते.

पुढे मला ऐकवेना. ‘दार वाजतंय, नंतर करते’ म्हणून फोन ठेवायला लागले. "संध्याकाळी नक्की करा हं, वाट बघते," काकू म्हणाल्या. आता त्या वाट बघत असतील. तुझी.

भीती कशाची वाटतेय, सांगू? नाशिकच्या त्या एका घरात तू अजून आहेस. घसा बसलेली, सर्दी झालेली, पण आहेस. मी फोन केला की तिथूनही जाशील. आणि ते माझ्या तोंडून होणार.

पण करणार आहे मी. हे पत्र संपलं की लगेच, केतकी म्हणून. आधी माफी मागेन, मग तुझं सांगेन. त्या रडायला लागल्या की धीर धरा म्हणणार नाही, मीटिंग आहे म्हणणार नाही, फोनही ठेवणार नाही. तुझ्यासाठी रडणारं दुसरं माणूस मला आज सापडलंय. तुझ्यासाठी रडायचं राहिलंय आई, ते आज आम्ही दोघी मिळून रडू. वचन देते.

तुझी,
केतकी