मागची भिंत

सोमवार

निघताना आईने विचारलं होतं, "त्या गावात हात नाहीत का, की तुम्ही उठून बांधायला निघालात?" आईने दुसऱ्यांच्या इमारतींवर विटा वाहून मला शिकवलं. घरातली पहिली पदवीधर पोरगी सुट्टीत फुकट विटा वाहायला जाणार, याचं तिला कौतुक कमी आणि हसू जास्त. मी म्हटलं, ही सेवा आहे. ती म्हणाली, कर बाई सेवा, पण धाकटीला नेतेस तशी परत आण.

तर आमची स्वयंसेवकांची तुकडी पोचली एकदाची. ओढ्यावर नुसती फळी आहे, त्यामुळे ट्रक अलीकडेच थांबला. सिमेंटची पोती आम्हीच डोक्यावरून आणली, तीही गाणी म्हणत. पाळक, म्हणजे इथले धर्मगुरू, सामोरे आले आणि त्यांनी डावा हात उंचावून आशीर्वाद दिला. प्रार्थनामंदिर टेकाडावर आहे. तीन भिंती खणखणीत, मागची मात्र अर्धी ढासळलेली. दरवर्षी पडते, असं पाळक म्हणाले, घरातल्या पोराची सर्दी सांगावी तसं. ती उभी करायची, जमीन घालायची, रविवारी उपासना झाली की ट्रकने परत.

मुक्काम शाळेच्या खोलीत. बाकं भिंतीला सरकवून अंथरुणं घातली. स्वयंपाक करणारी मावशी, मिस्त्री, पाळक, सगळे डावखुरे. धाकटी म्हणाली, इथल्या पाण्यातच काहीतरी आहे ताई, जपून पी. पोट दुखेपर्यंत हसलो.

मंगळवार

अंग असं ठणकतंय की पेन जड वाटतंय. आमचे पहिले थर पाहून मिस्त्री म्हणाले, ही भिंत लग्नात पिऊन झुलत परत येतेय वाटतं. मग सगळं उतरवून पुन्हा रचायला लावलं. ते डाव्या हाताने थापी चालवतात आणि उजवा कायम खिशात. धाकटीने त्यांना 'साहेब' नाव ठेवलंय.

हातमोज्यांनी पकड सुटते म्हणून मी उघड्या हाताने सिमेंटचा माल कालवला. व्हायचं तेच झालं. संध्याकाळपर्यंत उजव्या तळव्याची साल निघाली. मावशीने धुऊन, डाव्या हाताने आणि दातांनी गाठ मारत पट्टी बांधली. बरं झालं, म्हणाली, आता भिंतीला हात लावू नकोस. काळजीने बोलली असेल, पण तिचा चेहरा सुटकेचा होता.

बुधवार

भिंत उभी राहिली, दुपारी गिलावाही झाला. आमचे पुढारी, ज्यांना गळ्यातल्या शिटीमुळे सगळे कॅप्टन म्हणतात, त्यांच्या संस्थेची एक रीत आहे. ओल्या गिलाव्यावर प्रत्येकाने पंजा उमटवायचा. आधीच्या तुकड्यांनीही उमटवले होते, भिंतीच्या उरलेल्या जुन्या भागावर दिसतात.

मावशी जेवणाचं पातेलं घेऊन आली होती. ती कॅप्टनना म्हणाली, नुसता फोटो काढलात तरी आठवण राहीलच की. कॅप्टन हसले आणि रीत ती रीत म्हणाले. पाळक जमिनीकडे बघत राहिले.

माझ्या हाताला पट्टी होती. धाकटी म्हणाली, तुझ्या वाटचा मी उमटवते. तळाशी जागा उरली होती, तिथे गुडघे टेकून तिने दोन्ही पंजे दाबले. "हा माझा, हा ताईचा." मी टाळ्या वाजवल्या. वळून पाहिलं तर पातेलं तिथेच, मावशी उतारावरून चालू लागली होती.

गुरुवार

आज सगळेच मरगळलेत. धाकटी तर उठलीच नाही. हाका मारल्या, चिमटे काढले, पाणी शिंपडलं. पाच मिनिटं, ताई, एवढंच म्हणते आणि पुन्हा झोपते. परीक्षेच्या सकाळीही ही असंच करते, म्हणून आधी चिडले.

दुपारी मागच्या भिंतीपाशी गेले होते. बाकीच्यांचे पंजे होते तसे आहेत, वरवर. धाकटीचे दोन्ही आत गेलेत. मनगटापर्यंत. सुकलेल्या गिलाव्यात.

मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी विचारलं, दोन्ही एकीचेच का? मी हो म्हटलं. यावर त्यांनी विनोद केला नाही. ठशांवर पोतं टांगलं आणि गेले.

शुक्रवार

तिचे हात थंड. ओल्या पोत्यासारखे. कॅप्टन म्हणतात, ऊन लागलंय. पण कपाळ तापलेलं नाही.

डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. चौघांनी झोळीत घालून ओढ्यापर्यंत नेलं. फळीवर पाऊल टाकलं आणि तिचा श्वास थांबला. मागे आणलं— सुरू झाला. पुन्हा नेलं. पुन्हा थांबला. मी ओरडले तेव्हा कुठे त्यांनी तिला काठावर ठेवलं.

कॅप्टन आता माझ्याकडे बघत नाहीत. रविवारपर्यंत विश्रांती घेऊ दे, म्हणतात. मी प्रार्थना करायला बसले. नुसतं तिचं नाव घेत राहिले.

शनिवार

मावशीला चुलीपाशी गाठलं. तिने डाव्या हाताने आपला उजवा हात पदराखालून काढून माझ्या मांडीवर ठेवला. जड, गार, रिकामा. नखंसुद्धा वाढत नाहीत म्हणाली.

मग सगळं सांगितलं, डाळ ढवळता ढवळता. भिंत दर तुकडीतला एक हात घेते. कुणाचा, ते तिचं ती ठरवते. हात गेलेल्याला ओढा ओलांडता येत नाही. तो इथेच राहतो, जगतो, काम करतो. पण तुझ्या बहिणीने दोन दिले. दोन दिले की माणूस उरत नाही.

भिंत पाडून टाकू, मी म्हटलं. ती म्हणाली, पाड, पण आमचे हात तिच्यातच आहेत, ती पुरती पडली की आम्हीही पडू. म्हणून तर दरवर्षी डागडुजीला माणसं बोलवावी लागतात. पाळकांना याची लाज वाटते, तरी बोलावतात.

मी विचारलं, तुम्ही गावातली माणसं आधी का नाही बोललात? तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलली.

"गावातलं कुणी नाही गं इथे. मी, मिस्त्री, पाळक— सगळे एका आठवड्यासाठीच आलो होतो."

धाकटीचा श्वास आता मोजका. ओठ निळसर—

उपाय आहे. तो ठसा माझ्या वाटचा होता. ज्याच्या वाटचा, त्याने आपण होऊन हात दिला तर भिंत दुसऱ्याचे सोडते. दोन्ही सोडते. मावशी म्हणाली, पण डावा जप. काही झालं तरी डावा लावू नकोस—

आईला काय—

रविवार

अक्षर वाकडं येतंय. डाव्या हाताने लिहितेय.

उजेड झाल्या झाल्या भिंतीपाशी गेले. पट्टी सोडली. मिस्त्रींनी पोतं काढलं आणि तोंड फिरवलं. गुडघे टेकले, माझ्या वाटच्या ठशात उजवा हात घातला. माझ्यापुरता गिलावा ओला होता. मग आतून कुणीतरी हात हातात घेतला. ओढला नाही. दमलेलं माणूस धरतं तसा—

धाकटी उठली. मावशी सांगत आली. चहा मागितला, बिस्किटं मागितली, ताई कुठेय विचारलं. कॅप्टननी सांगितलं, मी सेवेसाठी मागे राहतेय. ती म्हणाली म्हणे, ताईला काय, सेवेचं वेडच आहे.

रडली नाही. बरं झालं.

फळीवर पाऊल टाकलं तिने. मिस्त्री वरून बघत होते. गेली, म्हणाले. चालत गेली. ट्रकचा भोंगा मीही ऐकला—

आई, तुझी धाकटी परत येतेय. नेली तशी.

आणि तू विचारलं होतंस ते— हात आहेत गं. खूप आहेत. आत. सगळे दमलेले. माझी बोटं धरून—

संध्याकाळपर्यंत भिंत मला सोडेल म्हणतात. तोवर असंच गुडघ्यांवर. पाय बधिर झालेत. मान ठरत नाही. मावशी पाणी आणायला गेलीय.

फार झोप येतेय. जरा भिंतीला टेकते. डाव्या हाताचा आधार घे—