झोपायच्या खोलीपासून दहा फूट

डुलुथ, २१ जानेवारी

प्रिय बाबा,

मी बरी आहे, पोटभर जेवते आणि लोकरीचे मोजेही घालते. गुडघा कसा आहे तुमचा?

माझं काम तेच, भाड्याच्या घरांत विषारी वायूचे अलार्म आहेत का बघायचं. झोपायच्या प्रत्येक खोलीपासून दहा फुटांच्या आत एक हवाच, असा नियम आहे. लोक फार वैतागतात.

मंगळवारी सकाळी हाल्वरसन आजींकडे गेले, तर भिंतीवर नुसता खिळा. अलार्म टॉवेलात गुंडाळून कपाटात कोंबलेला.

"पहाटेपासून ओरडतोय मेला! डोकं उठलं माझं."

माझ्या हातातल्या वायू मोजायच्या मीटरचा आकडा भराभर चढत होता.

"आजी, डोकं आवाजाने नाही दुखत. कोट घाला, बाहेर चला."

"अगं, कॉफी तरी घे!"

त्यांना अक्षरशः ओढतच बाहेर काढलं. मग वरच्या मजल्यावर धावले. तिथली बाळंतीण हाका मारूनही उठेना, तेव्हा शेजाऱ्याने दार फोडलं. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर नेणारा पाइप बर्फाने बुजला होता. बाळ, बाळंतीण, आजी, सगळी सुखरूप आहेत. माझं डोकं दोन दिवस जड होतं, आता नाही.

बाबा, तुम्ही खिडक्या गच्च लावून रॉकेलची शेगडी पेटवता. आई होती तेव्हा ती ओरडायची तरी. तुमच्या शेतावर तपासायला कुणी येत नाही, म्हणून पार्सलने अलार्म पाठवलाय. पलंगाजवळ लावा. रविवारी फोन करीन तेव्हा त्याचं बटण दाबा. मला तो ओरडताना ऐकायचाय.

तुमची हट्टी लेक,
मार्लिस