गॅरेजमधली आघाडी

१४ मे २०२५, बुधवार

आज पहिला गुन्हा केला. आमचे फील्डमार्शल, म्हणजे हे, नदीकाठी फिरायला गेले होते, तेवढ्यात गॅरेजमध्ये जाऊन नकाशावरच्या चार टाचण्या बोटभर खाली सरकवल्या. काय गंमत वाटली!

वीज मंडळात जन्म काढलेला माणूस. निवृत्त होऊन लेकीकडे सातासमुद्रापार पामर्स्टन नॉर्थला (लाडाचं नाव पामी) आला आणि थेट युद्धावर गेला. भिंतभर युक्रेनचा नकाशा. लाल टाचण्या यांच्या लाडक्या रशियाच्या, निळ्या युक्रेनच्या, मधून आघाडीची रेषा म्हणून लोकर. ती लोकर माझ्या अर्धवट स्वेटरची, न विचारता घेतलेली! म्हणून हे सगळं. मी युद्ध सुरू केलेलं नाही.

१७ मे, शनिवार

"टाचण्या कोणी हलवल्या?"

मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "वारा असेल. पामीत वारा कमी आहे का?"

माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. बाहेर शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा रस्त्यावरून गडगडत चालला होता. उठून खिडकी लावून घेतली.

दुपारी चहाच्या वेळी पुण्याहून धैर्यशील भावजींचा फोन. दोघंही मंडळातले, दोघंही आता सेनापती. हे गंभीर आवाजात सांगतायत, "दक्षिणेला रशियाने मुद्दाम जागा सोडलेली दिसते. डावपेच आहे तो." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि हसून घेतलं.

इस्तंबूलला बोलणी झाली म्हणे. दोन तासांच्या आत संपली. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत लिफ्टवरची मीटिंग याहून लांब चालायची.

२० मे, मंगळवार

फिजोआचा, म्हणजे इथल्या पेरूसारख्या हिरव्या फळाचा, मेथांबा केला. सगळ्या गल्लीत सध्या फिजोआच फिजोआ, कोणी नको म्हटलं तरी दाराशी पिशवी ठेवून जातात. डबाभर शेजारच्या हलीनाला दिला.

हलीना युक्रेनची. युद्ध सुरू झालं त्या वर्षी इथे भावाकडे आली, वृद्धाश्रमात काम करते. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकाच इयत्तेतलं, म्हणून आमचं छान जमतं. पूर्वी माझा डबा लखलखीत घासून रिकामा परत द्यायची. मी बोलून गेले, आमच्यात रिकामा डबा परत करत नाहीत. झालं! तेव्हापासून डब्यातून बटाट्याच्या करंज्या येतात, उकडलेल्या, वर परतलेला कांदा. मग मी काहीतरी भरून पाठवते. मग ती. माघार कोणीच घेत नाही.

आज मात्र डबा घेताना हसली नाही. तिचे वडील गावीच राहिलेत, एकटे. गाव तोकमाक नावाच्या शहराजवळ, रशियाने घेतलेल्या भागात. त्यांचा ईस्टर झाला तेव्हा फोन आला होता. त्यानंतर नाही.

आणि मी? मेथांब्यात गूळ किती घातला ते सांगत बसले. मूर्खच मी.

२५ मे, रविवार

कैद्यांची अदलाबदल. हजाराला हजार. बसमधून उतरणारी मुंडण केलेली पोरं, अंगाभोवती झेंडे गुंडाळलेले. हलीना फोनवर प्रत्येक चेहरा मोठा करून बघत होती. वडील सैनिक नाहीत, ते त्यात असणार नाहीत, हे तिला माहीत आहे. तरी बघत होती.

२९ मे, गुरुवार

आघाडी आणखी खाली नेली. दोन लाल टाचण्या काढून निळ्या खोचल्या. आता धाडस वाढलंय.

यांनी पुण्याच्या ग्रुपवर नकाशाचा फोटो टाकला होता. धैर्यशील भावजी कडाडले, "गुर्‍या, चष्मा बदल. तिथे अजून रशियाच आहे." हे म्हणाले, "तुमच्याकडे बातम्या उशिरा पोचतात. आम्ही तुमच्या साडेसहा तास पुढे आहोत."

या उत्तराला तोड नाही. मलाही क्षणभर पटलं.

२ जून, सोमवार

किंग्ज बर्थडेची सुट्टी, लेक श्रुती घरी. सकाळी बातमी— युक्रेनने ट्रकमध्ये लपवून ड्रोन थेट रशियाच्या आत नेले आणि तळावरची बॉम्बफेकी विमानं जाळली. हे सुतकात. "असं करतात का कुठे? हा काय खेळ आहे?" वगैरे. नाश्ता मात्र दोनदा घेतला.

आणि हलीना आली. डबा घेऊन, गाल लाल, कधी नव्हे ती मोठ्याने बोलत. मी पुढच्या दाराकडे धावेपर्यंत ती उघड्या गॅरेजमधून आत. तीन वर्षं मी तिला त्या गॅरेजपासून लांब ठेवलं होतं.

नकाशासमोर उभी राहिली. बोट फिरवत फिरवत खाली आणलं आणि थांबली. मी खोचलेल्या एका निळ्या टाचणीवर.

"हे माझं गाव."

मला खरंच माहीत नव्हतं! तोकमाक कुठे असतं तेही मी कधी बघितलं नव्हतं.

"निळी कशी? मी तासातासाला बघते. हे खरं नाही." मग यांच्याकडे वळून अगदी शांतपणे, "तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

श्रुतीने माझा हात दाबला. खोटं बोल, खोटं बोल, असं मी मनात म्हणत होते. पण या माणसाला ते कधी जमलेलं नाही. म्हणाले, "एकाहत्तरच्या लढाईत अमेरिकेचं आरमार आमच्या अंगावर आलं होतं. तेव्हा रशियाच्या बोटी आमच्यासाठी आल्या. ते मी विसरू शकत नाही."

हलीनाने हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा त्यातल्या एका बोटीवर होते. वीस वर्षांचे. व्लादिवोस्तोकहून निघाले होते. इतकं गरम पाणी आयुष्यात बघितलं नव्हतं, असं सांगायचे. तेव्हा देश एक होता. त्या बोटींवर आमचीही मुलं होती."

यांनी स्वतःचा चष्मा काढून स्वतः पुसला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा बघितलं.

मग उगाच काहीतरी करायचं म्हणून ते टाचणीकडे हात नेऊ लागले. "ही चुकलीय. नीट करतो." इंजिनियर ना, चुकीचा आराखडा डोळ्यांना खुपतो.

"आज नको," हलीना म्हणाली.

हात खाली आला.

४ जून

हलीनाकडे जाऊन कबूल केलं, टाचण्या मी हलवल्या. लोकरीची गोष्टही सांगितली. मला वाटलं दार लावेल. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. मीही रडले. तिने चहा दिला, त्यात चमचाभर जाम. वाईट नव्हता.

यांना अजून सांगितलेलं नाही. फोन आला की बाहेर अंगणात जातात. आवाज खालचा.

९ जून, सोमवार

निरोप आला! वडील आहेत! गावातल्या कोणा बाईच्या फोनवरून आवाज पाठवलाय. हलीनाने कुंपणाशी उभी राहून तीनदा ऐकवला, एकेक वाक्य समजावून सांगितलं. रशियन पासपोर्ट घेतला नाही, म्हणून पेन्शन बंद. रक्तदाबाच्या गोळ्याही मिळत नाहीत. छप्पर अर्धं गेलंय. गाव सोडून निघणार नाही म्हणतात. बटाटे लावलेत.

श्रुती इथे औषधांच्या दुकानात काम करते. आमच्या अख्ख्या खानदानाच्या गोळ्यांची तिला काळजी. ती म्हणाली, "आई, तिथे मी एक गोळी पाठवू शकत नाही गं." आणि उठून आत गेली.

यांनी सगळं ऐकलं आणि हे गॅरेजमध्ये गेले. दार ओढून घेतलं. संपलं, म्हटलं. आता सगळं सरळ करणार.

१० जून

तसंच झालं. आज बघितलं, रेषा जिथल्या तिथे. पट्टीने मोजून लावल्यासारखी. माझी एकूण एक निळी टाचणी डबीत परत, लाल टाचण्या आपापल्या जागी. खरं तेच आहे, पण बघवेना. नकाशाकडे पाठ करून पापड शोधले आणि आले.

११ जून

सकाळी मेथांब्याची बरणी आणायला गॅरेजमध्ये गेले. रेषा कालचीच, अचूक. पण तिच्या पलीकडे, लाल टाचण्यांच्या ऐन मध्यात, तोकमाकच्या शेजारी एकच निळी. मी देवाशपथ हात लावलेला नाही.

आत येऊन विचारलं, "ती निळी टाचणी—?"

पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "वारा असेल. पामीत वारा कमी आहे का?"