आभार मीच मानणार

५ ऑगस्ट १९९२

माणिकराव येतोय! पुण्याच्या भांडवल कंपनीचा तोच माणूस— आमच्या कॉलेजात, पोरांना गुंतवणूकदार कसं काम करतात ते सांगायला. एकवीस तारखेला. त्याआधी एक तास घेऊन विषयाची तोंडओळख मी करून द्यायची, असं प्राचार्यांचं फर्मान. नाहीतर पोरं नुसती बसून राहतात म्हणे.

मी म्हणालो, आभारही मीच मानतो. प्राचार्य खूश झाले. होऊ देत.

७ ऑगस्ट

चार वर्षं झाली तरी अंगाची लाहीलाही होते. बैलांनी ओढायचं, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या मुळासकट उपटायचं यंत्र केलं होतं मी. कापूस संपला की पऱ्हाट्या उपटून बायांच्या हातांची सालं निघतात, ती वाचली असती. कंपनी काढायची, नोकरीचा राजीनामा द्यायचा— सगळं ठरलं होतं. हा माणिकराव आला, ढेकळांत उभा राहून यंत्र चालताना पाहिलं, माझी पाठ थोपटली. महिन्याभराने दोन ओळींचं पत्र— सध्या जमणार नाही. कारण नाही, काही नाही! यंत्र शेडमध्ये गंजलं.

कारण आता सगळ्या पोरांसमोर विचारणार. ते पत्र अजून जपून ठेवलंय.

१२ ऑगस्ट

तास घेतला. बँक तारण मागते, हे लोक मागत नाहीत, असं सांगितलं. कर्ज नाही, कंपनीत वाटा. धंदा बुडाला तर त्यांचाही पैसा बुडाला. चालला तर वाटा विकून कितीतरी पट घेऊन मोकळे. दहातले सात बुडणार हे धरूनच चालतात. पोरं ऐकत होती. मला राहवलं नाही— म्हणालो, ही माणसं फार गोड बोलतात.

तासानंतर उमादेवी आली. शेवटच्या वर्षाची, वसमतची. कमी सरपणात हळद शिजवायच्या कढईचा आराखडा केलाय तिने. चांगला आहे. साहेबांना दाखवू का, विचारत होती. दाखव म्हणालो.

१८ ऑगस्ट

भाषण तोंडपाठ. एक शिवी होती, ती काढली. नाइलाज.

२१ ऑगस्ट

केलं! बोललो!

आधी त्याचं व्याख्यान. बरं बोलला, मान्य करावं लागेल. उमादेवीने विचारलं, यंत्र चांगलं असूनही नकार का देता? तो म्हणाला, "यंत्र नंतर बघतो. आधी माणूस. नोकरी सोडून तो यात उडी घेणार का, हे त्याच्या घरी जाऊन, आपण कोण ते न सांगता विचारतो." थापाड्या!

मग मी उठलो. खिशातून पत्र काढून वाचलं. म्हणालो, हे गृहस्थ समोर पाठ थोपटतात आणि मागून गळा कापतात, त्याबद्दल त्यांचे आभार. त्याचा चेहरा लालबुंद झाला. जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाला, "गंगाखेडला तुमच्या घरी गेलो होतो मी. विचारून बघा." चहा न घेता गेला.

चार वर्षांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

वळलो तर उमादेवी. हातात आराखड्याची गुंडाळी. चहाच्या वेळी बघतो, असं त्याने तिला कबूल केलं होतं.

"सर, तुमचं झालं. माझं काय?"

कंपनीचा पत्ता लिहून दिला. घेतला नाही तिने.

२२ ऑगस्ट

प्राचार्यांचा मेमो. येऊ दे. उमादेवी तासाला नव्हती.

२३ ऑगस्ट

गंगाखेड. भाकरी खाता खाता वडिलांना, अप्पांना सहज विचारलं, चार वर्षांपूर्वी पुण्याचं कोणी आलं होतं का. त्यांना लगेच आठवलं.

"त्यो पुण्याचा व्हय? तुझ्यासाठी स्थळ घिऊन आल्ता. पोरगा कसाय, नोकरी टिकंल का, इचारायला लागला. मी म्हणलं, पोरगं नोकरी जन्मात सोडायचं न्हाई, यंत्राचं येड कवाच उतरलंय. पुन्हा फिरकलाच न्हाई. मोडलेलं स्थळ पोराला कशाला सांगावं, म्हणून बोल्लो न्हाई." मग भाकरीचा तुकडा मोडत, "चांगलंच सांगितलं ना मी?"

मी हो म्हणालो.