तुमी वाहिलेली पाटी

भिकाच्या बापास,

तुमी बोट घेऊन खोल समुद्रात, मी मुंबईच्या इस्पितळात. पोस्टमन काय पोहत येणार हाय? तरी लिहिते.

माझ्या काळजाला जन्मापासून भोक हाय. टीव्हीसारख्या काचेवर दाखवलं मला. उद्या छाती उघडून शिवणार. डॉक्टरने विचारलं, "आजी, हे भोक घेऊन इतकी वर्षं मासळीची पाटी कशी वाहिली?"

मी म्हटलं, "मी कुठे वाहिली? नवऱ्याने वाहिली."

आपल्या सातपाटी गावात पाटी वाहायचं काम बायकांचं. पण मला धाप लागते म्हणून तुमी ती सायकलला बांधून पालघरच्या बाजारापर्यंत आणायचात, आणि कोणी बघायच्या आत माझ्या डोक्यावर ठेवायचात. लोकांनी बघितलंच. "बायकोचा हमाल" म्हणाले. तुमच्या आयने मला आळशी म्हटलं. तुमी नुसती बिडी पेटवलीत.

डॉक्टर म्हणाला, या वयात धोका हाय, नको तर गोळ्यांवर राहा. भिका म्हणाला, "आय, बापूस येईपर्यंत थांब." नाय थांबले. तुमी आलात तर रडत बसाल, आणि मलाच उठून तुमाला चहा द्यावा लागेल. शिवाय हल्ली सायकल ढकलताना तुमचे गुडघे वाजतात. दोघांत एक तरी धड पायजे.

बरी झाले तर हे पत्र चुलीत घालीन. नाय झाले, तर पाटी सुनेला द्या. तुमी सायकल घेऊन बाजारात जाऊ नका. लोक हसतील, आणि त्यांच्याशी भांडायला मी नसेन.

तुमची तोंडाळ,
हिरू