देवीला म्हणून नेलं तो दिवस

आई,

आज गुरुवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. परभणीच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून मी एक कागद भरतोय. पुन्हा आजार उसळला आणि माझं मला कळेनासं झालं, तर माझ्यावर उपचार कसे करावेत, कसे करू नयेत, माझ्या वतीनं कोणी बोलावं, हे चांगला असतानाच लिहून ठेवायचं. आता कायद्यात तशी सोय आहे. बोलायला ताईचं नाव घातलं. ती शेजारी बसून वाचून दाखवते, पण पेन हातात घेत नाही. नववीत शाळा सुटली तरी ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं मला चालत नाही, म्हणून आधी पेन्सिलीनं कच्चं लिहितोय. ताई म्हणते, "निबंध लिहायलास का रे? चारच ओळी हायत."

'कसे करू नयेत' इथं मी अडलो. मागं आजार उसळला होता, तेव्हा पाच रात्री मला झोप नव्हती. भिंतीत बसून कोणीतरी माझं बोलणं टिपून घेतंय, म्हणून मी न्हाणीची भिंत उकरून काढली होती. तू म्हणालीस, "चल बाळा, राणीसावरगावला देवीला जाऊन येऊ." ठेवणीतलं लुगडं नेसलीस, ओटीचं सामान घेतलंस. मीही आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून आपल्या झरी गावाहून मामाच्या जीपमध्ये बसलो. गाडी परभणीतच थांबते. मी विचारतो, "देऊळ कुठंय?" तू म्हणतेस, "आलंच की." मग दवाखान्याच्या दारात चौघं मला धरतात, सुई टोचतात, आणि तू कागदावर अंगठा लावतेस. सतरा दिवस मी तिथं होतो. औषधानं भिंत गप्प झाली, हे खरं आहे. मला कोणी काहीच विचारलं नाही, हेही खरं आहे.

शेवटी लिहिलं: 'मला खोटं सांगून नेऊ नये. कुठं नेताय ते सांगावं. नाही म्हणालो तर ताईनं थोडं थांबून पुन्हा विचारावं. तरीही धरावंच लागलं, तर सांगून धरावं.' ताईनं ते दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी खरं सांगितलं असतं, तर आला असतास का तू?"

"नसतो आलो," मी म्हणालो.

तुला जाऊन सात वर्षं झाली. तूही हेच विचारलं होतंस एकदा, भाकरी थापताना, माझ्याकडं न बघता. मी ताट सारून उठून गेलो. उत्तर मला तेव्हाही येत होतं. तुला थोडा त्रास व्हावा, म्हणून दिलं नाही.