गरम कागद

सोम. १२
हादरलोय. गिऱ्हाईक कंपनीने अख्खा लॉट गेटवरून परत पाठवला. माल आजचा, पेटीवरचा तपासणी रिपोर्ट शनिवारचा! रिपोर्ट मी काढतो, पेटीवर लावतात डिस्पॅचचे शिंदेकाका. त्यांना इंग्रजी येत नाही. प्रिंटरमधून निघालेला गरम कागद तो आजचा, ही त्यांची खूण. इतक्या वर्षांत चुकली नव्हती.
साहेब म्हणाले, जुनं पान आलं कुठून? मी ठोकून दिलं, "प्रिंटरच्या मेमरीत राहिलं असणार. काकांनी बंद-चालू केला असेल." सगळ्यांना पटलं. मलाही.

मंगळ. १३
काकांना घरी बसवलं, चौकशी होईपर्यंत. निवृत्तीला सात महिने. जाताना म्हणाले, "कागद गरम हुता सर. हात लावून बघितला म्या." मी स्क्रीनवरून नजर काढली नाही.

गुरु. १५
प्रिंटरचा रोलर बदलायला मेकॅनिक आला. सहज विचारलं, याच्या मेमरीत किती पानं राहतात? हसला. "भाऊ, ह्याला कसली मेमरी! डोकं सगळं तुमच्या कॉम्प्युटरात. पान तिकडंच ठिपक्या-ठिपक्यांनी तयार होतं. हा फक्त सांगेल तिथं पावडर लावतो न् भाजतो."
खरं वाटेना. ट्रे रिकामा ठेवून कॉम्प्युटरवरून एक पान पाठवलं. त्याने केबल काढली, प्रिंटर बंद केला, कागद घालून चालू केला. काही नाही. केबल जोडली, पान बाहेर.
मग आठवलं. शनिवारी कागद संपला होता. पान येईना म्हणून चिडून दोनदा प्रिंट दाबलं आणि कॉम्प्युटर तसाच बंद करून सांगवीची बस पकडली. सोमवारी काकांनी ट्रे भरला, मी कॉम्प्युटर चालू करून चहाला गेलो. कॉम्प्युटरच्या रांगेत अडकलेलं शनिवारचं पान निघालं. गरम. आजचा रिपोर्ट मी चहानंतर पाठवला, तोवर पेट्या बांधून झाल्या होत्या.
उचलली जीभ लावली टाळ्याला. लाज वाटते स्वतःची.

शुक्र. १६
साहेबांना पत्र टाइप केलं. सहा ओळी. चूक काकांची नाही, माझी. प्रिंट दाबलं. लाल दिवा, ट्रे रिकामा. पत्र कॉम्प्युटरातच. कागदाचं रिम शेजारी पडलंय, हात पुढे होत नाही. माझीही नोकरीच आहे. साहेब चारला निघतात. साडेतीन झाले.
आत्ताच काकांचा फोन. वाटलं, चौकशीचं विचारतील. तर म्हणाले, "सर, मी न्हाई तर ट्रेत कागद कोण भरतंय?"
म्हटलं, "मी भरतो, काका."